रोजची शारीरिक हालचाल आणि मूत्रपिंडाचे आरोग्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूत्रपिंडाच्या विकारांविषयी वाचकांकडून जे प्रश्न येतात, त्यांत चालण्याफिरण्याचा, घरकामाचा आणि व्यायामाचा विषय पुन्हापुन्हा निघतो. त्यामागे बहुधा एकच धास्ती असते, की आपण जास्त हललो तर किडनीवर ताण येईल. ही धास्ती बऱ्याच अंशी अनाठायी आहे. मात्र काही परिस्थितींत ती पूर्णपणे रास्त आहे, आणि त्या परिस्थिती कोणत्या हे नीट ठाऊक असणे फार गरजेचे आहे. पुढील उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. आपले अहवाल आणि आपली औषधे यांबाबतचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

१. व्यायाम हृदयासाठी आणि स्नायूंसाठी चांगला, हे समजते. पण त्याचा किडनीशी काय संबंध?

आपण स्वस्थ बसलेले असताना हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे दर मिनिटाला साधारण एक लिटर रक्त, दोन्ही मूत्रपिंडांतून जाते. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात आणि प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. दिवसभरात या गुच्छांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा रक्तात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. अखंड राबणाऱ्या या वाहिन्यांची सर्वाधिक हानी दोन गोष्टी करतात : वर्षानुवर्षे चढा राहिलेला रक्तदाब आणि वर्षानुवर्षे चढी राहिलेली रक्तातील साखर. जगभर जुनाट मूत्रपिंडविकाराची हीच दोन प्रमुख कारणे आहेत.

नियमित हालचाल नेमकी याच दोन ठिकाणी उपयोगी पडते. काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो आणि त्या वेळी त्याला इन्सुलिनचीही गरज कमी लागते. हा परिणाम व्यायामानंतर साधारण एक ते दोन दिवस टिकतो आणि मग ओसरतो, म्हणूनच आठवड्यातून एकदा दमेपर्यंत चालण्यापेक्षा रोज थोडे चालणे अधिक लाभाचे असते. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांच्यात भरभर चालणे, सायकल चालवणे, पोहणे अशा नियमित व्यायामाने वरचा आकडा सुमारे ५ ते ८ अंकांनी उतरू शकतो. म्हणजे मूत्रपिंडाला मिळणारा लाभ बव्हंशी रक्तवाहिन्यांमार्फत मिळतो. व्यायाम थेट मूत्रपिंडाचा होत नाही.

२. भरपूर घाम काढला की किडनीचे काम हलके होते, असे ऐकले आहे. हे खरे आहे का?

नाही. घामाचे मुख्य काम शरीर थंड राखणे हे आहे. त्यात युरियाचा थोडा अंश असतो, पण रक्त गाळण्याचे काम त्वचा करू शकत नाही. उलट जोरदार श्रमाच्या वेळी रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तात्पुरता घटतो. अगदी पराकोटीच्या श्रमात तो एरवीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत खाली येऊ शकतो. निरोगी मूत्रपिंड हे सहज सोसते आणि विश्रांती मिळताच पुरवठा पूर्ववत होतो. परंतु घाम काढण्याच्या हट्टापायी जाड किंवा हवाबंद कपडे घालून पळणे हा या नैसर्गिक ताणावर लादलेला निष्कारण बोजा आहे. (प्रश्न १२ पाहा.)

३. घरकाम, जिने चढणे, बागेतले काम हे सगळे व्यायामात धरायचे का? आणि एकूण किती पुरे?

धरायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार श्रमाची हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. हालचाल सलग दहा मिनिटे तरी झालीच पाहिजे, ही जुनी अट या सूचनांत काढून टाकलेली आहे. त्यामुळे दोन मिनिटांत चढलेला जिनाही हिशेबात येतो. मूत्रपिंडविकारांवर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन करणाऱ्या केडीगो या संस्थेच्या २०२४ च्या सूचनाही मूत्रपिंडाच्या रुग्णांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचीच शिफारस करतात, मात्र 'किंवा हृदयाला व शरीराला झेपेल तेवढी' अशी पुस्ती तिथे जोडलेली आहे. ही पुस्ती मला आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते.

मध्यम श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी, की त्या वेळी बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही. दोन-चार शब्दांपलीकडे बोलताच येत नसेल, तर ते जोरदार श्रम समजावेत. भांडी घासणे किंवा हळूहळू आवराआवर करणे हे बहुतेकांसाठी हलके श्रम असतात. फरशी पुसणे, झपझप चालणे, सामान घेऊन जिना चढणे हे मध्यम. अशक्त किंवा वयस्क माणसाला मात्र हलके वाटणारे कामही मध्यम श्रमाचे ठरते, आणि त्याच्या बाबतीत ते तसेच मोजावे.

४. मी दिवसभर बसून काम करतो आणि संध्याकाळी तासभर व्यायाम करतो. तेवढे पुरेसे आहे ना?

तो तास मोलाचा आहेच. तरीही उरलेल्या दिवसातील सलग बैठक मोडणे आवश्यक आहे, कारण बराच वेळ स्नायू निश्चल राहिले की जेवणानंतरची साखर रक्तात अधिक काळ चढी राहते. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन-तीन मिनिटे चालावे आणि जेवणानंतर थोडे फिरावे.

५. माझ्या किडन्या उत्तम आहेत. हालचालीमुळे त्या पुढेही उत्तम राहतील, याला पुरावा आहे का?

सक्रिय माणसांत जुनाट मूत्रपिंडविकार कमी आढळतो, हे निरीक्षणावर आधारलेल्या अनेक अभ्यासांत दिसते. पण अशा अभ्यासांत एक अडचण असते : जो आधीच आजारी आहे तो कमी हालतो, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे काढणे कठीण जाते. म्हणून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष विशेष मोलाचे आहेत. त्यात बैठी जीवनशैली असलेल्या ७० ते ८९ वर्षे वयाच्या सुमारे १,२०० व्यक्तींची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून एका गटाला चालणे, बळ आणि तोल यांचा कार्यक्रम दिला होता, तर दुसऱ्याला केवळ आरोग्यशिक्षण. दोन वर्षांनी पहिल्या गटात मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेची घसरण दर मिनिटाला सुमारे एका मिलिलिटरने कमी आढळली. हा फरक लहान आहे. पण बैठ्या वृद्धांत उशिरा सुरू केलेल्या साध्या चालण्याने तो पडला, हे लक्षात घेतले तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

६. किडनीचा विकार असल्याचे निदान झाले आहे. घरातले सगळे आता विश्रांती घ्या म्हणतात. काय करावे?

घरच्यांची काळजी समजण्यासारखी आहे, पण हा सल्ला बहुतेक रुग्णांसाठी चुकीचा आहे आणि त्याची मोठी किंमत रुग्णाला मोजावी लागते. जुनाट मूत्रपिंडविकारात स्नायू एरवीपेक्षा वेगाने झडतात : रक्तातील आम्लता वाढलेली असते, शरीरात मंद दाह सुरू असतो, भूक मंदावते, पथ्यामुळे आहार आक्रसतो. त्यावर विश्रांतीची भर पडली की काही महिन्यांत खुर्चीतून उठणे, जिना चढणे, स्वतःची कामे स्वतः करणे अवघड होऊन बसते. शिवाय या रुग्णांपैकी अनेकांना मूत्रपिंड निकामी होण्यापेक्षा हृदयविकाराचाच धोका अधिक असतो, आणि हृदयासाठी निश्चल राहणे कधीच हितकारक नसते.

व्यायामाने काय साध्य होते, हे स्पष्टपणे सांगायला हवे. चालण्याची क्षमता, पायांतील ताकद, रक्तदाब, झोप आणि मनाची उभारी यांत सुधारणा होते, याबद्दल फारशी शंका नाही. विकार पुढे सरकण्याचा वेग व्यायामाने कमी होतो का, याविषयी मात्र चाचण्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. आधीच झालेली हानी व्यायामाने भरून निघत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. दुसऱ्या बाजूने, मध्यम श्रमाने विकार बळावतो या समजालाही आधार नाही.

सुरुवात आज जेवढे सहज जमते तेथूनच करावी. पाच मिनिटे जमत असतील तर दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटे, आणि दर आठवड्याला एक-दोन मिनिटांची भर. छातीत दुखणे, थोड्याशा श्रमाने धाप लागणे, चक्कर येणे, पायांवर किंवा चेहऱ्यावर नव्याने सूज येणे, रक्तदाब आटोक्यात नसणे यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. ताप, उलट्या किंवा जुलाब असतील त्या दिवशी व्यायाम बंद ठेवावा.

७. मी नियमित वजने उचलतो. तपासणीत क्रिएटिनिन मर्यादेपेक्षा थोडे जास्त आले. माझी किडनी बिघडत आहे का?

तसे असेलच असे नाही, आणि हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्याचे उत्तर सविस्तर देणे योग्य ठरेल. क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते आणि मूत्रपिंडावाटे बाहेर टाकले जाते. त्यामुळे रक्तातील त्याची पातळी दोन गोष्टींवर अवलंबून असते : ते किती तयार होते आणि किती बाहेर पडते. ज्याचे स्नायू भरदार आहेत त्याच्या शरीरात ते अधिक तयार होते. तपासणीच्या आदल्या दिवशी केलेला कडक व्यायाम, मांसाहाराचे मोठे जेवण आणि क्रिएटिनची पूरके यांनीही आकडा वर जातो. अहवालावर छापलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, हा मोजलेला नसतो. तो क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून गणिताने काढलेला असतो. त्या गणिताला तुमचे दंड किती जाड आहेत हे ठाऊक नसते.

अशा वेळी दोन दिवस कडक व्यायाम टाळून तपासणी पुन्हा करावी, लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन तपासावे आणि तरीही संशय राहिल्यास सिस्टॅटिन सी ही रक्तचाचणी करून घ्यावी. सिस्टॅटिन सी शरीरातील बहुतेक सर्व पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायूंच्या आकारमानाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. प्रश्न ५ मधील चाचणीतही याच कारणासाठी क्रिएटिनिनऐवजी सिस्टॅटिन सी वापरले होते.

याची उलट बाजू अधिक धोक्याची आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जाते. कृश, अंथरुणाला खिळलेल्या किंवा पाय गमावलेल्या व्यक्तीत स्नायूच कमी असल्याने क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसते आणि मूत्रपिंडाची क्षमता मात्र निम्म्यावर आलेली असू शकते. त्याचप्रमाणे दीर्घ आजारपणात क्रिएटिनिन उतरले तर मूत्रपिंड सुधारल्याचा आनंद मानण्यापूर्वी स्नायू झडले नाहीत ना, हे पाहावे.

८. व्यायामानंतरच्या तपासणीत लघवीत प्रथिने आणि रक्तपेशी आढळल्या. घाबरण्याचे कारण आहे का?

जोरदार व्यायामानंतर लघवीत थोडी प्रथिने उतरणे सामान्य आहे आणि ती २४ ते ४८ तासांत नाहीशी होतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रक्तपेशीही लांब पल्ल्याच्या धावण्यानंतर येतात आणि साधारण ७२ तासांत जातात. म्हणून तपासणीआधी दोन-तीन दिवस कडक व्यायाम थांबवावा आणि शक्यतो सकाळची पहिली लघवी द्यावी. त्यानंतरही अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर दर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक येत असेल आणि ते तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकले, तर तो जुनाट मूत्रपिंडविकार समजला जातो.

डोळ्यांना दिसेल असे लाल रक्त मात्र व्यायामाच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये. विशेषतः चाळिशी उलटलेल्या किंवा धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीने मूत्राशयाची तपासणी करून घ्यावी.

९. खूप दिवसांनी एकदम जोरात व्यायाम केला आणि दुसऱ्या दिवशी लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी काळपट झाली. वाट पाहावी का?

वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सवय नसताना केलेल्या अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटू शकतात. या अवस्थेला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. फुटलेल्या पेशींतील मायोग्लोबिन हे रंगद्रव्य रक्तातून मूत्रपिंडात येते, तेथील सूक्ष्म नलिकांना इजा करते आणि त्यांत साचते. शिवाय स्नायूंतील पोटॅशियम रक्तात उतरल्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. १९४१ मध्ये लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली दबलेल्या रुग्णांत स्नायू चिरडल्यानंतर मूत्रपिंडे बंद पडल्याचे बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी नोंदवले होते. अतिव्यायामात चिरडणे नसते, पण मूत्रपिंडावर ओढवणारे संकट त्याच जातीचे असते.

नेहमीचे अंग दुखणे आणि हे यांतील फरक असा : वेदना श्रमाच्या मानाने फारच जास्त असतात, स्नायू सुजून टणक होतात, हातपाय उचलणे जड जाते आणि लघवी गडद तपकिरी होते. लघवीच्या पट्टीवर रक्त 'पॉझिटिव्ह' येते, पण सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी फारशा दिसत नाहीत. रक्तातील क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम कमाल मर्यादेच्या पाचपट किंवा अधिक वाढलेले आढळते आणि दर लिटरमागे ५,००० एककांच्या पुढे गेल्यास मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढतो. वेळेवर शिरेतून द्रव दिला गेल्यास बहुतेक रुग्णांची मूत्रपिंडे पूर्ण सावरतात.

हे कोणाला होते? सुदृढ तरुणांनाही होते, विशेषतः दीर्घ खंडानंतर पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारल्यास, उकाड्यात श्रम केल्यास, ताप अंगात असताना व्यायाम केल्यास किंवा मद्यपानानंतर. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांनी श्रम हळूहळू वाढवावेत. पहिल्या दोन आठवड्यांत 'अजून जमले असते' असे वाटत असतानाच थांबणे, हा यावरचा सर्वोत्तम उपाय आहे.

१०. व्यायामाआधी वेदनाशामक गोळी घेतली तर चालेल का?

सवय म्हणून घेऊ नये. श्रमाच्या वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो (प्रश्न २), तेव्हा प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तेथील वाहिन्या उघड्या ठेवतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन यांसारख्या गोळ्या नेमकी हीच द्रव्ये रोखतात. त्यात रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर किंवा एआरबी वर्गातील औषध आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर तिहेरी मारा होऊन मूत्रपिंड अचानक बंद पडण्याची शक्यता वाढते. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेणे मूत्रपिंडाच्या दृष्टीने तुलनेने सुरक्षित आहे. मात्र गोळी घेतल्याशिवाय चालताच येत नसेल, तर सांध्याची तपासणी करणे हा खरा उपाय आहे.

११. व्यायाम करताना किती पाणी प्यावे? किडनीसाठी जास्त पाणी चांगले असते ना?

निरोगी माणसाने तहान हा मुख्य संकेत मानावा. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. तासन्‌तास चालणाऱ्या श्रमात तहानेपेक्षा कितीतरी अधिक पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि त्यामुळे धावपटूंचे मृत्यूही झालेले आहेत. जुनाट मूत्रपिंडविकारात मुद्दाम जास्त पाणी प्यायल्याने विकाराचा वेग मंदावत नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका चाचणीत दिसून आले. ज्यांना पाण्याची मर्यादा घालून दिली आहे त्यांनी व्यायामाच्या निमित्ताने ती परस्पर ओलांडू नये. क्षारयुक्त पेयांत सोडियम-पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ती विचारूनच घ्यावीत.

१२. माझे काम उन्हातल्या कष्टाचेच आहे. मग माझी किडनी सुरक्षित समजायची का?

दुर्दैवाने नाही. मध्य अमेरिकेत, विशेषतः एल साल्वादोर आणि निकाराग्वा येथे, ऊसतोडीच्या कामातील तरुण मजुरांत मधुमेह किंवा उच्च रक्तदाब नसतानाही जुनाट मूत्रपिंडविकार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. त्याची सगळी कारणे उलगडलेली नाहीत, तरी तीव्र उष्णतेत वारंवार होणारे श्रम आणि शरीरातील पाणी आटणे यांवर मुख्य संशय आहे. स्वतःच्या गतीने, हवे तेव्हा थांबता येईल असे चालणे वेगळे आणि कामाच्या दबावाखाली, सावलीवाचून, दिवसभर केलेले कष्ट वेगळे. पाणी, सावली आणि ठरावीक विश्रांती यांची सोय करणे ही कामावर ठेवणाऱ्याची जबाबदारी आहे. कामगाराने 'काटक' असावे ही अपेक्षा त्याची जागा घेऊ शकत नाही. अशा कामात असलेल्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्यावी.

१३. रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे चालू असताना कोणती काळजी घ्यावी?

बीटा ब्लॉकर वर्गातील औषधे नाडीची गती वाढू देत नाहीत, म्हणून घड्याळातील नाडीच्या आकड्याऐवजी प्रश्न ३ मधील बोलण्याची खूण वापरावी. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांनी अधिक सावध राहावे : मूत्रपिंड इन्सुलिन नष्ट करण्याचे काम करते, त्यामुळे त्याची क्षमता घटली की तीच मात्रा अधिक काळ काम करते आणि व्यायामानंतर काही तासांनी, अगदी रात्रीही, साखर एकाएकी उतरू शकते. व्यायामाआधी साखर मोजावी आणि जवळ काहीतरी गोड ठेवावे. उलट्या-जुलाबांच्या दिवसांत कोणती औषधे तात्पुरती थांबवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

१४. प्रोटीन पावडर आणि क्रिएटिन यांनी किडनी खराब होते का?

निरोगी मूत्रपिंडांना शिफारस केलेल्या मात्रेतील क्रिएटिनमुळे इजा झाल्याचे दिसत नाही. फक्त क्रिएटिनिनचा आकडा फसवा येतो (प्रश्न ७). जुनाट विकार असलेल्यांची गोष्ट निराळी आहे. डायलिसिसवर नसलेल्या अशा रुग्णांना केडीगोच्या सूचनांनुसार शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात आणि १.३ ग्रॅमपेक्षा जास्त टाळावीत असे सांगितले जाते. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र गरज वाढून १.० ते १.२ ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे एकाच घरातील दोन रुग्णांना अगदी उलट सल्ला मिळू शकतो, आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

१५. लघवीतून प्रथिने जातात आणि पायांवर सूज आहे. अंथरुणातच राहावे का?

ही नेफ्रॉटिक सिंड्रोमची लक्षणे असू शकतात. या अवस्थेत लघवीतून खूप प्रथिने जातात, सूज येते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, त्यामुळे दिवसचे दिवस पडून राहणे धोक्याचे असते. घरातल्या घरात चालावे आणि बसल्यावर पाय उंच ठेवावेत. एकाच पायाची सूज व वेदना अचानक वाढली किंवा एकाएकी धाप लागली, तर तातडीने रुग्णालयात जावे.

१६. डायलिसिस सुरू आहे. आठवड्यातून तीन दिवस त्यातच जातात. व्यायाम केव्हा आणि कसा करावा?

बहुतेकांना डायलिसिस नसलेले दिवस सोयीचे पडतात. इटलीतील एका चाचणीत (२०१७) डायलिसिसवरील रुग्णांना घरच्या घरी करायचा साधा चालण्याचा कार्यक्रम दिला, तेव्हा सहा महिन्यांत सहा मिनिटांत चालून जाण्याचे अंतर सरासरी ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेले. काही केंद्रांत डायलिसिस चालू असताना पलंगावरच सायकलसारखे पायडल मारण्याची सोय असते. ते पहिल्या दोन तासांत करावे, कारण नंतर पाणी काढले गेल्याने रक्तदाब उतरू लागतो. डायलिसिस चुकले असेल किंवा अंगात पाणी साठून धाप लागत असेल, तर व्यायाम नको.

फिस्टुला (डायलिसिससाठी हातातील धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) नवीन असताना त्या हाताने जड वजन उचलू नये; जखम भरल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम सुरू करावा. जुन्या, स्थिरावलेल्या फिस्टुलाचा हात वापरायला हरकत नसते. मात्र त्यावर घट्ट पट्टा बांधू नये, वजनाचा दांडा टेकवू नये आणि त्यावर आघात होऊ देऊ नये. पोटाच्या डायलिसिसमध्ये हर्निया टाळण्यासाठी जड वजने वर्ज्य करावीत. पोटातील द्रव काढून टाकल्यावर व्यायाम करणे अनेकांना सोपे जाते.

१७. एकच किडनी आहे, किंवा प्रत्यारोपण झाले आहे. खेळता येईल का?

येईल. चालणे, पोहणे, धावणे, बॅडमिंटन यांना एक मूत्रपिंड आड येत नाही. मुष्टियुद्ध, कुस्ती, रग्बी अशा टकरींच्या खेळांबाबत मात्र मूत्रपिंडतज्ज्ञांशी बोलूनच ठरवावे, कारण इजेची शक्यता कमी असली तरी एकमेव मूत्रपिंडाला बदली नसते. प्रत्यारोपित मूत्रपिंड पोटाच्या खालच्या भागात पुढच्या बाजूला बसवलेले असते आणि त्याला बरगड्यांचे संरक्षण नसते, म्हणून थेट मार टाळावा. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा ते आठ आठवडे जड उचलू नये, पण चालणे अगदी सुरुवातीपासूनच करायला लावतात. प्रत्यारोपण झालेल्या खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा १९७८ पासून भरत आहेत. पहिली इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे झाली.

१८. पॉलिसिस्टिक किडनी किंवा मूतखडा असल्यास काही वेगळे नियम आहेत का?

पॉलिसिस्टिक विकारात मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या गाठी होतात. त्यामुळे मूत्रपिंडे फार मोठी झाली असतील, तर पोटावर मार बसणारे खेळ आणि जोरदार हिसके टाळावेत; गाठ फुटून लघवीत रक्त येऊ शकते. मूतखडा वारंवार होणाऱ्यांनी घामाने गेलेले पाणी भरून काढावे आणि दिवसाला सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. खड्याच्या वेदनेबरोबर थंडी-ताप आल्यास ती आणीबाणी समजावी.

१९. हालचाल करायची इच्छा आहे, पण थकवा इतका असतो की उठवतच नाही. हा आळस आहे का?

हा आळस नाही, आणि कोणी तसे म्हटले तर ते मनाला लावून घेऊ नये. मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन हे लाल रक्तपेशी बनवायला लावणारे संप्रेरक तयार करते आणि त्याच्या अभावी हिमोग्लोबिन उतरते. रक्तातील वाढलेली आम्लता, अपुरी झोप, खिन्नता, काही औषधे आणि साठलेले पाणी यांनीही असाच थकवा येतो. यांपैकी बहुतेकांवर उपचार आहेत, म्हणून आधी हिमोग्लोबिन, लोह आणि बायकार्बोनेट तपासून घ्यावे. तोपर्यंत खुर्चीतून पाच वेळा उठणे आणि बसणे, असे दिवसातून तीनदा केले तरी मांड्यांची ताकद टिकून राहण्यास मदत होते.

२०. वडिलांचे वय ८४ आहे आणि त्यांनी डायलिसिस न घेण्याचे ठरवले आहे. आता त्यांना चालण्याचा आग्रह करणे योग्य आहे का?

येथे उद्दिष्टच बदलते. ईजीएफआर किती राहिला यापेक्षा त्यांना पलंगावरून स्वतः उठता येते का, न पडता न्हाणीघरापर्यंत जाता येते का, आवडत्या जागी बसता येते का, हे महत्त्वाचे ठरते आणि त्यासाठी हालचाल शेवटपर्यंत उपयोगी आहे. या विकारात हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यामुळे पडणे विशेष महागात पडते. म्हणून आधार धरून उभे राहणे, पावले टाकणे आणि तोल सांभाळणे यांना मिनिटांच्या हिशेबापेक्षा अग्रक्रम द्यावा आणि शक्य असल्यास भौतिकोपचारतज्ज्ञांना एकदा घरी बोलवावे. कोणत्या वेळी त्यांना बरे वाटते हे त्यांनाच विचारावे, आणि ते नको म्हणतील त्या दिवशी आग्रह धरू नये. उभे राहताना चक्कर येत असेल, तर बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून डॉक्टरांना कळवावा. अनेकदा रक्तदाबाच्या गोळीची मात्रा कमी करणे एवढेच आवश्यक असते.